पेवमांजर : हरिपूरच्या एका कल्पित प्राण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाला सुरुवात. चित्रं भाची काढणार, मजकूर माझा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक, आणि त्यात एकच प्राणी. तो राहतो सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात, जमिनीखाली हळद साठवायच्या खोल खड्ड्यांपाशी, म्हणजे पेवांपाशी. असा प्राणी जगात कुठेच नाही. तरी पुस्तक लिहायचं ते पशुपक्ष्यांच्या माहितीपुस्तकाच्या घाटानं: निवारा, आहार, रंग, वीण, पिल्लं, शत्रू.

वहीच्या आतल्या पानावर एक अट लिहून ठेवली. प्राणी कल्पनेतला चालेल, पण पेवातली हवा, हळद, माती आणि कृष्णा-वारणेचं पाणी खरं पाहिजे. अडचण आली की पंख किंवा जादू देऊन सुटका करून घ्यायची नाही. पेव जी अडचण घालेल तिचं उत्तर प्राण्याच्या शरीरातून किंवा वागण्यातूनच निघालं पाहिजे.

एवढा हट्ट कशासाठी? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मुलांना पाठ असतं. पण पेव पाहिलेलं मूल आता हरिपुरातही शोधावं लागतं. वीज नाही, यंत्र नाही, औषध नाही, आणि तरी हळद वर्षानुवर्षं कीड न लागता जमिनीखाली टिकायची. ही विद्या मला फार मोलाची वाटते. ती धडा म्हणून सांगितली तर मुलं ऐकून घेतात आणि विसरतात. पण तिथे एक प्राणी राहतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “मग तो श्वास कसा घेतो?” पेव समजायची सुरुवात नेमकी याच प्रश्नापासून होते.

नाव पेवमांजर. पाणमांजर, उदमांजर यांच्या पंगतीत बसणारं.

१८ जानेवारी

हरिपूर. तात्यांकडे गेले. तरुणपणी ते पेवं भरायच्या आणि उपसायच्या कामावर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण बोलताना हातांनी पेवाचा आकार हवेत काढून दाखवतात: वर तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट सुटत गेलेलं. खोली वीसेक फूट, काही त्याहून जास्त. माती अशी घट्ट की बाजूनं पाणी झिरपत नाही. तळाला आणि कडेनं काडाचा थर, मग हळद, वर पुन्हा काड. तोंडावर दगड, त्यावर माती लिंपून बंद.

मी विचारलं, “तात्या, उघडताना लगेच उतरायचा का?”

“छ्या! बाई, मरायचंय का? झाकान काढायचं आन बाजूला बसायचं. आतली हवा वाईट असती. मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. इझला तर कुणी उतरायचं न्हाई. जळत ऱ्हायला तर मग एकजण उतरणार, कमरंला दोर बांधून.”

“आणि कीड?”

“कीड जगंलच कशी? जिथं दिवा जगत न्हाई, तिथं किडा जगतोय व्हय?”

हे वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर तात्यांच्या बोलीत जसंच्या तसं घ्यायचं. विचारलं, तर म्हणाले, “घे की. पर नाव नको घालू.”

२५ जानेवारी

आज फक्त हवा.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. पेव बंद झालं की आतले किडे, बुरशी, सूक्ष्मजीव आणि थोड्या प्रमाणात काडसुद्धा तो वापरत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाहेरून नवी हवा येत नाही. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. तो आणखी घटला की किडे मरतात. म्हणजे आत शिरलेली कीड स्वतःच्या श्वासानंच पेव स्वतःसाठी नालायक करून टाकते. यापेक्षा सुंदर कीडनियंत्रण मला माहीत नाही.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या साधारण दीडपट जड. पेव उघडल्यावरही तो तळाशी रेंगाळतो, म्हणून वर ठीक वाटलं तरी खाली उतरलेला माणूस कोसळू शकतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची वेगळी जाणीव शरीराला फारशी होत नाही. शुद्ध मात्र हरपते.

तर आता प्राणी. पहिला मार्ग: आतच झोपून राहायचं. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल जातीचं कासव बर्फाखालच्या पाण्यात ऑक्सिजनशिवाय महिनोन्‌महिने काढतं. शरीरात साठणारं आम्ल शमवायला स्वतःच्या कवचातले क्षार वापरतं. पण ते जमतं थंडीमुळे, गारठ्यात शरीराची भूक मंदावते म्हणून. आपलं पेव उबदार, तिथे ही युक्ती चालणार नाही. दुसरा मार्ग नेकेड मोल रॅटचा. आफ्रिकेतला हा बिळात राहणारा केसविरहित प्राणी ऑक्सिजन अजिबात नसताना १८ मिनिटं तगला, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्या वेळात त्याच्या पेशी ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज जाळतात. अठरा मिनिटं म्हणजे खूप, पण पेवात घर करायला ती पुरत नाहीत.

तिसरा मार्ग, वरून हवेची नळी आणायची. तो आज खोडून टाकला. नळी आली की हवा आली, हवा आली की कीड आली. जो प्राणी पेव बिघडवतो, त्याला हरिपूर एक हंगामसुद्धा ठेवून घेणार नाही.

उरला तो चौथा, आणि तो सुचल्यावर मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. पेवमांजर पेवात राहतच नाही. ते राहतं पेवाच्या भिंतीपलीकडे, साध्या हवेच्या बिळात. पेव हा त्याचा डोह आहे. श्वास कोंडून आत बुडी मारायची आणि परत यायचं. कोरड्यात सूर मारणारा प्राणी!

२ फेब्रुवारी

बुडी मारणाऱ्याचं शरीर. किती मोठं हवं?

प्राणी लहान, तर किलोमागे ऑक्सिजनचा खर्च जास्त. म्हणून चिचुंद्रीएवढं पेवमांजर काही सेकंदांतच माघारी फिरेल. हत्ती-सील दोन तासांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो, पण त्याचं बीळ हरिपुरात मावणार नाही. मधे मस्करॅट सापडला: उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागेतला कुरतडणारा प्राणी, वजन किलोभराच्या आसपास. एरवीच्या बुड्या थोडक्या, पण प्रसंगी पाव तास श्वास कोंडू शकतो. वजन ठरलं: एक किलो. रोजची बुडी मिनिट-दोन मिनिटांची, अगदी टोकाला गेलं तर पाव तास.

ऑक्सिजन साठवायचा कुठे? फुप्फुसात थोडा, रक्तात बराच, आणि स्नायूंत मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनात. सील आणि देवमासे यांचं मांस यामुळेच काळपट लाल दिसतं. (देवमाशाच्या याच मायोग्लोबिनची त्रिमितीय रचना जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली उलगडली. रचना उलगडलेलं ते पहिलं प्रथिन. पुढे नोबेलही मिळालं. पुस्तकात चौकट करायचा मोह आवरत नाहीये.) शिवाय प्लीहा मोठी हवी, कारण बुडी मारताना ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आग्नेय आशियातल्या समुद्रावर जगणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा जवळजवळ निम्म्यानं मोठी असल्याचं २०१८ साली मोजून दाखवलं गेलं. माणसांत होऊ शकतं, तर पेवमांजरात का नाही?

भाचीला निरोप: आतल्या अवयवांच्या चित्रात प्लीहा ठळक. स्नायू जांभळट-काळे. बुडी मारताना हृदय मंद होतं, ते दाखवायला शेजारी दोन आलेख.

९ फेब्रुवारी

कार्बन डायऑक्साइड ओलसर डोळ्यांना, नाकाला झोंबतो, कारण पाण्यात विरघळून त्याचं सौम्य आम्ल होतं. नेकेड मोल रॅटच्या कातडीला आम्लाची आग जाणवत नाही. पेवमांजराच्या नाकालाही जाणवणार नाही. डोळे बारीक, बुडीत मिटलेले. नाकपुड्यांना पाणमांजराप्रमाणे झडपा. मिशा लांब.

अंगावरची फर ‘मोल’ नावाच्या भुयारी प्राण्यासारखी, पुढेमागे दोन्हीकडे सहज वळणारी. अरुंद बिळात उलटं सरकताना केस अडकायला नकोत.

२३ फेब्रुवारी

दाराचा प्रश्न. बिळातून पेवात जायला भोक हवंच, आणि भोक म्हणजे हवा.

आज शाळेच्या पटांगणात मुलांपुढे हा प्रश्न तसाच ठेवला. एकानं “रबराचं दार” सुचवलं. एका मुलीनं विचारलं, “बाई, धनेश पक्षीण कशी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, तसं?” ही सूचना लाख मोलाची. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीचं तोंड विष्ठा-मातीनं बंद करते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर त्या फटीतून तिला भरवतो.

त्यावरून ठरलं ते असं: बीळ आणि पेव यांच्यामध्ये एक छोटी खोली, तिला दोन तोंडं. दोन्हीकडे लाळेत मळलेल्या मातीचं बूच. बिळाकडचं बूच काढायचं, आत यायचं, मागे लिंपायचं, मगच पेवाकडचं काढायचं. दोन्ही कधीही एकदम उघडी नाहीत. वाड्याला असते तशी ही देवडी, आणि पुस्तकात हेच नाव घ्यायचं.

तरी दर बुडीला देवडीतली हवा पेवात जाणारच. हिशेब मांडला. देवडी दहा लिटरची धरू. वीस फूट खोल आणि पोटात आठ फूट रुंद पेव पंचवीस हजार लिटरच्या घरात जातं, त्यातली बरीच जागा हळदीनं व्यापलेली. दहा लिटरनं काही बिघडत नाही. शंभर बुड्या झाल्या की हजार लिटर हवा आणि त्यात दोनशे लिटर ऑक्सिजन! एवढ्यावर किडे पुन्हा जीव धरतील.

म्हणजे पेवमांजरांची संख्या पेवानंच ठरवून दिली. एका पेवाला एकच जोडी, आणि हंगामात मोजक्याच बुड्या. जास्त झाली की हळद किडते, मालक पेव लवकर उपसतो आणि जोडी बेघर होते. हद्द राखायची सवय यातून आली. प्राण्याचा स्वभाव मी ठरवायच्या आधी भागाकारानं ठरवला, याचा फार आनंद झाला.

८ मार्च

हळदीची काढणी जोरात. मिरजेच्या बाजूला एका शिवारात गेले. पाला आधीच कापलेला, गड्डे खणून ढीग लावलेले. जेठे गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. पूर्वी काहिलीत शिजवायचे, आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर. शिजवल्यानं आतला स्टार्च एकजीव होतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. नंतर कडक उन्हात वाळवण, मग फिरत्या ड्रमात पॉलिश. ड्रमाखाली पिवळ्या पुडीचा थर साचतो. हात, भुवया, चपला, सगळं पिवळं होतं.

इथे पेवमांजराचा रंग ठरला. मायणीला येणारे रोहित पक्षी खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतात. पण हळद खाऊन पिवळं होणं जमणार नाही: हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुरकुमीन, पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, आणि पोटातून रक्तात अगदी कमी उतरतं. शिवाय हळद खाणारा प्राणी व्यापाऱ्याचा वैरीच. रंग बाहेरून लागायला हवा. दाढीवालं गिधाड लोहयुक्त मातीत अंग घोळवून पांढरी छाती तांबूस करून घेतं. पेवमांजर तसंच हळकुंडांच्या राशीत अंग घासतं. मूळ फर धुरकट पांढरी, वर हळदीचा लेप.

घासायचं कशासाठी? पावसाळ्यात बिळाला दमटपणा येतो, अंगावर बुरशी आणि गोचिड-पिसवा. हळद बुरशी रोखते, हे प्रत्येक आजीला माहीत आहे आणि प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. पेवात बुडी मारायचं कारण मिळालं. अन्न बाहेर, औषध आत.

१६ मार्च

मुलांबरोबर प्रयोग. पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. एक अर्धी विटेखाली दाबून उन्हात ठेवली. दुसरीवर चुन्याची निवळी टाकली: लालभडक! कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात, हे पाहिल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. तिसरीवर साबण, पुन्हा लाल. त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळी. चौथी अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरली आणि ती हिरवट-पिवळी चमकली. वर्गात एकदम आरडाओरडा.

दुपारी वीट उचलली. उन्हातला अर्धा भाग फिका, दाबलेला गर्द. घरात हळदीचा डाग पडला की आई कपडा उन्हात टाकते, ते याच कारणानं.

पुस्तकासाठी यातून तीन गोष्टी. पेवमांजर उन्हात आलं की रंग उडतो, म्हणून ते रात्रीचं. चुन्याच्या जुन्या भिंतीला घासून गेलं की अंगावर तांबडा पट्टा उमटतो, आणि असा पट्टा असलेलं जनावर वस्तीतून आलेलं हे ओळखता येतं. तिसरी खूण भाचीला द्यायची: एक पान नुसतं काळं, त्यावर हिरवट चमकणारी आकृती.

३० मार्च

सगळ्या पुस्तकाचा कणा आज सापडला असं वाटतं.

पिवळा रंग श्वासाची मोजपट्टी आहे. अंग जितकं गर्द, तितका वेळ ते राशीत टिकलं. दोन मिनिटांत परतणारा नर फिकट पिवळा, तळापर्यंत जाऊन सावकाश अंग घासून येणारा केशरी-पिवळा. आणि हा रंग टिकत नाही. बिळाला घासून जातो, उजेडात उडतो. एकदा मारलेल्या मोठ्या बुडीवर हंगामभर मिरवता येत नाही. मादीला नराची प्लीहा दिसत नाही, स्नायू दिसत नाहीत, पण रंग दिसतो, आणि तो खोटा आणता येत नाही.

अमोत्झ झहावी या इस्रायली शास्त्रज्ञानं १९७५ साली मांडलेली कल्पना हीच: जी खूण मिळवायला खरंच किंमत मोजावी लागते, तीच खूण विश्वासाची. मोराच्या पिसाऱ्यावर मुलांना हे समजावताना मी दरवेळी अडखळते. इथे मात्र हरिपूरची मुलं आपणहून पुढचं बोलली. मी एवढंच म्हटलं होतं की नर हळद लावून येतो. मागच्या बाकावरून आवाज आला, “मग उष्टी हळद नवरीकडे जाते का?”

जाते! का नाही जाणार? नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लागते, तसं नर देवडीतून परतला की मादीच्या अंगाला अंग घासतो. त्याच्या फरमधली पूड तिला लागते. तिला बुडी न मारता बुरशीपासून संरक्षण मिळतं, आणि पिल्लं तिच्या कुशीत असल्यामुळे त्यांनाही. जून-जुलैत, सगळ्यात दमट दिवसांत, ती धनेशिणीसारखी पिल्लांच्या खोलीत लिंपून घेते. नर फटीतून खाणं देतो आणि दर खेपेला पाठ त्या फटीवर घासून जातो. कीटकांतही नर मादीला भेट आणतात, काही माशा भक्ष्य गुंडाळून आणतात. ही भेट औषधाची.

भाचीनं रात्रीच कच्चं रेखाटन पाठवलं. फटीतून फक्त एक नाक आणि तीन लहान पिवळी नाकं. सोबत लिहिलं होतं, “मावशी, याला रंग मीच देणार, संगणकावर नाही. खरी हळद वापरू का?” वापर म्हटलं, पण त्या पानाला ऊन लागू देऊ नकोस.

१३ एप्रिल

आहार. वाळवी. पेवातला काड वाळवीला बोलावतो, आणि वाळवीनं भिंत पोखरली की हवेची वाट होते. पेवमांजर भिंतीभोवतीची वाळवी फस्त करतं, म्हणजे पेवाची डागडुजीच करतं. लांब चिकट जीभ आणि बळकट पंजे सह्याद्रीतल्या खवले मांजरासारखे. दात मात्र थोडे ठेवले, पावसाळ्यात गांडुळं आणि हुमणी खाता यावीत म्हणून. हुमणी खातं हे ऐकून शेतकरी पालक खूश.

शत्रू: नाग, घोरपड, कुत्री. इथे फार रेंगाळायचं कारण नाही, एक पान पुरे.

११ मे

कान. अंधारात आणि बंद तोंडानं वाळवी कशी शोधणार? नामिब वाळवंटातल्या गोल्डन मोलचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात, तरी तो वाळूतली बारीक थरथर ओळखतो. पेवमांजराच्या मधल्या कानातलं हाड तसं जड.

तात्यांनी यावर भर घातली. पेवाच्या तोंडावरून बैलगाडी गेली की खाली पोकळ आवाज घुमायचा, त्यावरून जुनी माणसं जमिनीखाली पेव कुठं आहे ते सांगायची, असं ते म्हणाले. मग पेवमांजरही तेच करतं: मागचा पाय आपटतं, आवाजावरून भरलेलं पेव कुठलं आणि रिकामं कुठलं हे ठरवतं.

२२ जून

पाऊस सुरू झाला आणि पुराचं प्रकरण हाती घेतलं. हे टाळून सांगलीचा कुठलाच प्राणी रचता येणार नाही. हरिपूर संगमावरचं गाव, एका बाजूनं कृष्णा, दुसरीकडून वारणा. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ च्या महापुरानं हरिपूरची कितीतरी पेवं निकामी केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा पूर. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना घर सोडून दुसरीकडे राहिल्याचं आठवतं. त्यांच्यापुढे या पानावर थाप मारता येत नाही.

बादलीत पेला उपडा बुडवला. आतला कागद कोरडा राहिला. तर बिळाच्या टोकाला वर चढत जाणारी बंद घुमटी ठेवली, तर पाणी आलं तरी वर हवा अडकून राहील. निवटीच्या जातीतले काही मासे चिखलातल्या बिळात अंड्यांसाठी अशीच हवा तोंडानं नेऊन साठवतात. कल्पना पटली. मग हिशेब.

किलोभराच्या सस्तन प्राण्याला स्वस्थ बसूनही तासाला अर्धा-पाऊण लिटर ऑक्सिजन लागतो. दिवसाचे चौदा-पंधरा लिटर. हवेतला निम्मा ऑक्सिजन संपल्यावर धोका धरला, तर एका दिवसाला दीडशे लिटर हवा हवी. पूर चार-पाच दिवस राहतो. सात-आठशे लिटरची घुमटी एक किलोचं जनावर कुठून खोदणार! आणि खोल पाण्यात दाबामुळे हवा आकसते ते निराळंच.

घुमटी ठेवायची, पण काही तासांपुरती. अंधार पडेपर्यंत थांबण्याची जागा. नंतर बाहेर पडून उंचावर जावंच लागतं, पिल्लं तोंडात धरून. पेवमांजर पुरात वाचतं ते वेळेवर घर सोडल्यामुळे. हे वाचून एक मुलगा म्हणाला, “बाई, आम्ही पण गच्चीवर थांबलो आन मग बोटीतनं गेलो.” त्याच्याकडून ते पान तपासून घेतलं. त्यानं एकच बदल सुचवला: पेवमांजरानं सोबत थोडी हळद न्यावी. ती फरमध्ये आहेच, पण हे वाक्य आता मजकुरात आलं.

१९ जुलै

सद्यस्थितीचं पान. हे लिहिताना जड गेलं.

हळद आता बहुतेक गोदामांत आणि शीतगृहांत जाते. पेवं थोडी उरली, त्यांतली भरली जातात ती आणखी थोडी. काहींवर घरं झाली, काही बुजवली. मग पेवमांजरं? नामशेष झाली असं लिहायला वर्गानं साफ नकार दिला. मलाही ते आळशी उत्तर वाटलं. रिकाम्या पेवात काय होतं, हे तपासायला हवं.

तोंड उघडं पडलेल्या पेवात हवा खेळते. बुडी मारायची गरज राहत नाही. उरलेल्या काडावर वाळवी भरपूर. खायला कमी नाही, निवारा प्रशस्त. पेवमांजर तिथे जगेल. पण हळद नाही, म्हणून रंग नाही. सगळे नर सारखेच धुरकट पांढरे. मादीनं निवड कशावरून करायची? पावसाळ्यात पिल्लांना बुरशी. संख्या तुटणार नाही, पण दरवर्षी थोडी घटत जाईल. प्लीहा मोठी, स्नायू काळे, आणि बुडी मारायला डोह नाही. उत्क्रांतीला हे अवयव आटोपशीर करायला असंख्य पिढ्या लागतात, गुहेतल्या माशांचे डोळे एका दिवसात गेले नाहीत.

म्हणून पुस्तकात आता दोन रूपं: पिवळं आणि पांढरं. जात एकच. ओळखपानावर दोन्ही शेजारी शेजारी, आणि खाली लिहायचं की पांढऱ्या मादीजवळ हळद लागलेला नर आला तर ती त्याला स्वीकारते. आठवण शरीरात शाबूत आहे.

भाची म्हणाली, पांढरं चित्र जास्त देखणं होतंय. होऊ दे. मुलं पिवळ्याच्याच बाजूनं आहेत, आणि मीही.

३ ऑगस्ट

तात्यांना सगळी पानं वाचून दाखवली. देवडीपाशी थांबवलं. “दोन बुचं? बरोबर हाय. पर वलं बूच वाळताना चिरा पडत्यात. काड घाल मातीत.” काड मिसळलं. चित्र ७ मध्ये मातीत काडाच्या रेघा येतील.

उष्ट्या हळदीच्या पानावर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, आमच्यातला जो सगळ्यात खाली उतरायचा, तो घरी गेला की पोरं त्याला हात लावून आपलं तोंड पिवळं करायची. हे पुस्तकात त्याच पानाच्या समासात जाणार, त्यांनी सांगितलं तसं.

शेवटचं मोठं काम नकाशाचं. कुठल्या गल्लीत किती पेवं होती, ती कुणाच्या अंगणाखाली गेली, कुठली अजून भरतात. नावं घालायची नाहीत, झाडं, विहिरी आणि देवळं एवढ्याच खुणा. भरलेलं पेव पिवळं वर्तुळ, रिकामं पांढरं, बुजलेलं तुटक रेघेचं. तात्या आणि त्यांच्या वयाचे आणखी दोघं अंगणात बसून एकमेकांशी वाद घालत जागा सांगतात, आणि सातवीतली मुलं आलेखाच्या कागदावर मांडतात. विहिरीजवळची रांग तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वेला सरकवली. दुसऱ्या आजोबांना ते मान्य नाही. शनिवारी सगळ्यांनी टेप घेऊन प्रत्यक्ष जागेवर जायचं ठरलं आहे.